दिवेघाटातला ट्रक : बिडी ओढणाऱ्या एका वारकऱ्याची सीओपीडी

२०२४ सालच्या श्रावणातली गोष्ट. बाजाराचा दिवस, दवाखाना भरलेला. तात्या (नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) नेहमीची तक्रार घेऊन आले होते. "डॉक्टर, खोकला काही हटेना. मागच्या वेळचं ते औषध द्या, त्यानं बेडका मोकळा होतो." वय ५८. पाच एकर बागायत, गळ्यात तुळशीची माळ, वीस वर्षांची वारी. मांस-मद्य कधीच सोडलेलं, बिडी तेवढी राहिलेली.

मी चिठ्ठी लिहायला घेतली होती. तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या मावशी, म्हणजे तात्यांच्या पत्नी, म्हणाल्या, "ह्यांना जरा नीट तपासा. यंदाही दिवेघाटात ट्रकमध्ये बसले."

तात्यांना ते आवडलं नाही. "वय झालं आता," एवढंच म्हणाले आणि खिडकीकडे बघत राहिले.

ज्यांनी माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड हा टप्पा चालून पाहिला आहे, त्यांना या वाक्याचं वजन कळेल. दिवसभर चालून पाय भरून आलेले असताना हडपसरच्या पुढे दिवेघाट समोर उभा राहतो. टाळ-मृदंगाच्या तालावर म्हातारीकोतारी माणसंसुद्धा तो चढतात. ज्याला झेपत नाही तो दिंडीच्या सामानाच्या ट्रकमध्ये बसून पुढे जातो. तात्या २०१९ साली घाट चढले होते. २०२० आणि २०२१ ला करोनामुळे पायी वारी निघालीच नाही. २०२२ ला वारी पुन्हा सुरू झाली तेव्हा घाटात ते चार ठिकाणी बसले. सगळे म्हणाले, दोन वर्षांत चालायची सवय मोडली. २०२३ ला ते ट्रकमध्ये बसले, २०२४ लाही.

मी चिठ्ठी बाजूला ठेवली आणि त्यांचे जुने केसपेपर काढायला सांगितले.

केसपेपरमध्ये काय होतं

माझ्याच अक्षरातल्या सात वर्षांच्या नोंदी होत्या. डिसेंबर २०१७ : खोकला, पांढरा कफ, पाच दिवस अँटिबायोटिक. जानेवारी २०१९ : खोकला, कफ पिवळा, अँटिबायोटिक आणि खोकल्याचं पातळ औषध. फेब्रुवारी २०२० : तेच. एका नोंदीत "छातीचा एक्स-रे नॉर्मल" असं लिहून खाली मी रेघ मारली होती, जणू प्रश्न मिटला. वजन २०१७ मध्ये ६१ किलो, आता ५४. एकाही पानावर "बिडी" हा शब्द नव्हता. दरवर्षी दिवाळी सरली की हा माणूस खोकत यायचा, मी दरवर्षी त्या खोकल्यावर औषध द्यायचो, आणि खोकला येतो कुठून हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

सलग दोन वर्षं, वर्षातले किमान तीन महिने कफासह खोकला असेल आणि त्याचं दुसरं कारण सापडत नसेल, तर त्याला जुनाट ब्राँकायटिस, म्हणजे श्वासनळ्यांची जुनाट सूज, म्हणतात. हे मला पहिल्यापासून माहीत होतं. पण व्याख्या पुस्तकात एका पानावर असते आणि रुग्ण दवाखान्यात सात वेगवेगळ्या दिवशी येतो. त्या सात पानांना एकत्र बांधायचं काम माझं होतं. मी ते केलं नाही आणि त्यात तात्यांची काही वर्षं गेली. हे प्रकरण लिहितोय ते मुख्यतः त्यासाठी.

"दम लागतो का?" हा प्रश्न पुरत नाही

हा प्रश्न मी त्यांना आधी विचारला नसेन असं नाही. त्यांचं उत्तर "नाही" असंच आलं असणार, आणि ते खोटंही नव्हतं. सीओपीडीत, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या वाटा कायमच्या अडण्याच्या जुनाट आजारात, श्वास इतक्या हळूहळू कमी होतो की माणूस त्याच्या मापाने आपलं जगणं आखडत नेतो. ज्या कामाने धाप लागते ते काम सोडतो, मग धाप लागत नाही. डॉक्टरने विचारलं की मनापासून सांगतो, "तसं काही नाही."

म्हणून त्या दिवशी मी उलटं विचारलं : "तात्या, पाच वर्षांपूर्वी करत होता आणि आता करत नाही, अशी कोणती कामं आहेत?"

बराच वेळ ते गप्प राहिले. मग एकेक निघायला लागलं. उसाला पाणी धरायला आता पोरगा जातो. खताचं पोतं गाडीतून उतरवत नाहीत. देवळाच्या पायऱ्या चढायचं टाळून खालूनच हात जोडतात. बाजारात मित्रांबरोबर चालताना मागे पडतात, म्हणून "तुम्ही व्हा पुढं, मी येतो" म्हणून पानाच्या टपरीवर थांबतात. अंघोळीनंतर टॉवेलने पाठ पुसताना मध्येच थांबावं लागतं, हे मावशींनी सांगितलं. हात वर करायच्या कामाला श्वास जास्त लागतो, कारण छाती उचलणारे मानेचे-खांद्याचे स्नायू तेव्हा दुसऱ्या कामाला जुंपलेले असतात.

धाप मोजायची एमएमआरसी नावाची ० ते ४ अशी साधी मोजपट्टी आहे. सपाट रस्त्यावर आपल्या वयाच्या माणसांच्या मागे पडणं किंवा आपल्या चालीने चालतानाही थांबावं लागणं म्हणजे २. तात्या तिथे होते. आणि गेली निदान दोन वर्षं होते.

बिडीचा हिशेब

"किती ओढता?" म्हटल्यावर "पाच-सहा" असं उत्तर आलं. हे उत्तर सगळेच देतात. मी विचारलं, "बंडल किती दिवस पुरतो?" यावर मावशींनी उत्तर दिलं : दीड दिवस. पंचवीसचा बंडल दीड दिवसात, म्हणजे दिवसाला सोळा-सतरा. पहिली बिडी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी. रोजच्या बिड्या गुणिले वर्षं असा धूम्रपान निर्देशांक आपल्याकडे वापरतात, ३०० च्या वर गेला की भारी धूम्रपान धरतात. तात्यांचा १६ गुणिले ३९, म्हणजे ६२४.

बिडी सिगारेटपेक्षा बारीक असते, तंबाखूही कमी असतो, म्हणून ती सौम्य असा समज खेड्यात घट्ट आहे. तेंदूच्या पानातून हवा जात नाही आणि बिडी सारखी विझते, त्यामुळे ती पेटती ठेवायला जोराने आणि वरचेवर झुरके मारावे लागतात. धूर खोल जातो, टार आणि कार्बन मोनॉक्साइड भरपूर जातं. भारतात २०१६-१७ च्या तंबाखूविषयक राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रौढांपैकी ७.७ टक्के लोक बिडी ओढणारे होते, सिगारेट ओढणारे ४ टक्के. आपल्याकडची ओपीडी बिडीची आहे. तरी पाकिटांचा हिशेब मांडणारी परदेशी सूत्रं आपण पाठ करतो आणि बंडल विचारायचं विसरतो.

तपासताना

सुरुवातीला बसल्या जागी फार काही दिसलं नाही. ऑक्सिजन ९५ टक्के, रक्तदाब बरा, नाडी ८८. स्टेथॉस्कोपने श्वासाचे आवाज दोन्ही बाजूंना मंद, तळाशी थोडी शिट्टी. शर्ट काढून नीट बघितल्यावर दिसलं, की श्वास आत घेताना खालच्या बरगड्या बाहेर फाकण्याऐवजी आत ओढल्या जात होत्या. फुगलेल्या फुप्फुसांनी श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा, सपाट करून टाकलं की असं होतं. बोटांची नखं फुगलेली नव्हती. हे मुद्दाम बघायचं, कारण नखं गोल फुगलेली असतील तर ती सीओपीडीने होत नाहीत. तेव्हा कॅन्सर, ब्राँकिएक्टेसिस (श्वासनळ्या कायमच्या रुंदावण्याचा आजार) असं दुसरं काही शोधावं लागतं.

मग एक जुनी तपासणी केली, जिला स्टेथॉस्कोप आणि घड्याळ एवढंच लागतं. स्टेथॉस्कोप गळ्यावर, श्वासनलिकेवर ठेवला आणि सांगितलं, "छाती गच्च भरून श्वास घ्या आणि तोंड उघडं ठेवून जोरात, शेवटपर्यंत सोडून द्या." निरोगी माणसाची हवा तीन-चार सेकंदांत संपते. सहाच्या पुढे गेली तर वाट अडली आहे असा संशय घ्यायचा. तात्यांच्या गळ्यात सातव्या सेकंदाला, आठव्या सेकंदाला अजून हवेची बारीक सरसर ऐकू येत होती. नऊला खोकला आला आणि थांबावं लागलं.

त्यानंतर त्यांना घेऊन दवाखान्याचा जिना चढलो. दुसऱ्या वळणावर त्यांनी कठडा धरला, थोडे पुढे वाकले आणि ओठांचा चंबू करून, दिव्यावर फुंकर घालावी तसा श्वास सोडायला लागले. बोटावरचं यंत्र ९१ दाखवत होतं. चंबू करायला त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. असं सोडलं की नळ्यांमध्ये दाब टिकतो, त्या लवकर मिटत नाहीत आणि अडकलेली हवा जरा जास्त बाहेर पडते. त्यांच्या शरीराने हे स्वतःच शोधून काढलं होतं.

टीबी, काळीज, कॅन्सर, दमा

बिडी ओढणारा, खोकणारा, सात किलो वजन घटलेला माणूस आपल्या देशात समोर बसला की आधी टीबी नाकारावा लागतो. बेडका सरकारी रुग्णालयात सीबीनॅट या टीबीचे जंतू शोधणाऱ्या तपासणीसाठी पाठवला, त्यात टीबी आला नाही. नवा एक्स-रे काढला : फुप्फुसं लांबट आणि काळी, श्वासपटल सपाट, हृदय अरुंद, गाठ किंवा डाग नाही. कफातून रक्त कधी आलं नव्हतं. इसीजी आणि इको ठीक, पायाला सूज नाही, रात्री आडवं पडल्यावर धाप नाही.

इथे जुन्या "नॉर्मल" एक्स-रेबद्दल सांगायलाच हवं. एक्स-रे टीबी दाखवतो, न्यूमोनिया दाखवतो, मोठी गाठ दाखवतो. हवा किती वेगाने बाहेर पडते हे तो दाखवू शकत नाही. सीओपीडी बरीच पुढे जाईपर्यंत एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो. मी त्याच्याखाली जी रेघ मारली होती ती चुकीची होती.

दम्याचं प्रकरण मात्र भाषेतच अडकलेलं आहे. मराठीत धापेच्या प्रत्येक आजाराला "दमा" हा एकच शब्द. गावात सांगितलं तर "तात्यांना दमा लागला" एवढंच होणार. पण दमा बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी सुरू होतो, येतो-जातो, मध्ये माणूस ठणठणीत असतो, शिंका-खाज-घरातल्या कोणाला तरी तसाच त्रास असं सोबत असतं. तात्यांचं असं काही नव्हतं. चाळिशीपर्यंत काही नाही, मग रोजचा सकाळचा खोकला, मग चढणारी आणि न उतरणारी धाप. हा फरक उपचारापर्यंत जातो : दम्यात श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड हा पाया आहे, सीओपीडीत ते सगळ्यांना लागत नाही, उलट न्यूमोनियाचा धोका वाढवतं.

फुंकायची तपासणी

स्पायरोमेट्रीशिवाय, म्हणजे जोरात फुंकून किती हवा किती वेगाने बाहेर पडते हे यंत्रावर मोजल्याशिवाय, सीओपीडीचं निदान पक्कं होत नाही. यंत्र माझ्याकडे होतं. करोनात फुंकायच्या सगळ्या तपासण्या बंद ठेवल्या होत्या, त्या नंतर मी नियमित सुरू केल्याच नव्हत्या. यंत्रावर कापड होतं. टीबीचा अहवाल येईपर्यंत थांबलो, कारण संसर्गाचा संशय असताना, कफातून रक्त येत असताना किंवा नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला असताना ही तपासणी करत नाहीत.

नाकाला चिमटा, तोंडात नळी, ओठ घट्ट. पहिल्या वेळी तात्या फुगा फुगवावा तसे गालांनी फुंकले. दुसऱ्या वेळी मध्येच खोकले. तिसऱ्या वेळी मी उभा राहून, "फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका" असं ओरडत राहिलो. बाहेरच्या बाकावरची माणसं डोकावून बघायला लागली. जमलेले तीन प्रयत्न मिळेपर्यंत, आणि त्यातले सर्वांत चांगले दोन एकमेकांपासून दीडशे मिलिलिटरच्या आत येईपर्यंत, थांबत थांबत अर्धा तास गेला. मग नळ्या सैल करणाऱ्या साल्ब्युटामॉलचे चार पफ स्पेसरमधून (फवारा धरून ठेवणाऱ्या नळकांड्यातून) दिले, पंधरा मिनिटं बसवलं आणि पुन्हा फुंकायला लावलं.

औषधानंतर एकूण सोडलेली हवा ३.१४ लिटर. त्यातली पहिल्या सेकंदात सोडलेली १.५१ लिटर. गुणोत्तर ०.४८. हे ०.७० च्या खाली असलं की वाट कायमची अडलेली आहे. औषधाआधी पहिल्या सेकंदाचा आकडा १.४२ होता, म्हणजे औषधाने जेमतेम ९० मिलिलिटर वाढ. अपेक्षित आकड्याच्या मानाने १.५१ म्हणजे ५४ टक्के. ५० ते ७९ टक्के ही मध्यम तीव्रता. पडद्यावरची रेघ वर जाऊन लगेच झोळीसारखी खाली दबली होती.

तो ५४ चा आकडा बघून मला वाईट वाटलं. शब्द "मध्यम" असला तरी पहिल्या सेकंदाची जवळजवळ निम्मी हवा गेली होती, आणि हा माणूस अजून म्हणत होता की वय झालं.

त्यांना समजावताना मी एक करून दाखवलं. वाचणाऱ्यांनीही करून बघावं. छाती भरून श्वास घ्या, त्यातला अर्धाच सोडा, त्यावर पुन्हा घ्या, पुन्हा अर्धाच सोडा. चार-पाच वेळा असं केलं की छाती गच्च होते आणि आत घ्यायला जागाच उरत नाही. सीओपीडीचा रुग्ण चालायला लागला की त्याचं हेच होतं. "श्वास पुरत नाही" असं तो सांगतो, पण अडचण सोडण्यात असते. मावशींनी तिथेच उभ्या उभ्या करून बघितलं आणि तात्यांकडे बघून खाली बसल्या.

उपचार आणि बिडी

औषधांचं थोडक्यात सांगतो. रक्तातल्या इओसिनोफिल पेशी (स्टेरॉइडचा उपयोग होईल का, याचा अंदाज त्यांच्यावरून येतो) १६० होत्या आणि वर्षभरात छातीचा आजार एकदाच उफाळला होता. म्हणून स्टेरॉइड नसलेलं, नळ्या सैल ठेवणारं दुहेरी इनहेलर सुरू केलं : ग्लायकोपायरोनियम आणि फॉर्मोटेरॉल. फ्लू आणि न्यूमोकॉकसची लस दिली. रोज चालायचं, धाप लागली की थांबायचं आणि पुन्हा चालायचं, हे लिहून दिलं. आठवड्याने आले तर म्हणाले फरक नाही. कॅप्सूल यंत्रात टाकून ओढायच्या, हे त्यांना दाखवलं होतं, पण घरी गेल्यावर त्या पाण्याबरोबर गिळल्या जात होत्या. हे फार ठिकाणी होतं. तेव्हापासून मी रुग्णाला "समजलं का?" विचारत नाही, माझ्यासमोर घ्यायला लावतो.

बिडीला जास्त वेळ दिला. १९७७ मध्ये फ्लेचर आणि पेटो यांनी दाखवून दिलं, की धूम्रपान सोडलं तर गेलेली फुप्फुसं परत येत नाहीत, पण झिजण्याचा वेग जवळजवळ न ओढणाऱ्याच्या पातळीवर येतो. हे मी तात्यांना जसंच्या तसं सांगितलं. खोटी आशा दाखवली असती तर दोन महिन्यांत त्यांनी मला पकडलं असतं. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली बिडी लागायची, म्हणून निकोटिनचा ४ मिलिग्रॅमचा च्युइंगम लिहून दिला. थोडा चावायचा, जीभ चुरचुरली की गालात दाबून ठेवायचा, चहानंतर लगेच घ्यायचा नाही. तंबाखूच्या पाकिटावर छापलेला सरकारी क्विटलाइनचा १८००-११-२३५६ हा क्रमांक त्यांच्या मुलाच्या फोनमध्ये भरून दिला. "बिडीशिवाय सकाळी पोट साफ होत नाही," ही खरी अडचण होती. त्यावर कोमट पाणी आणि इसबगोल. आणि एक कबुली आधीच घेतली : बिडी सोडून मिश्री किंवा चुना-तंबाखूवर जायचं नाही. आपल्याकडे बिडी सुटते ती अनेकदा तिकडे जाते.

दसऱ्याला त्यांनी सोडली. दिवाळीत पाहुण्यांबरोबर पुन्हा चार दिवस ओढली, मग स्वतःच येऊन सांगितलं. मी रागावलो नाही, पुन्हा तारीख ठरवली.

मावशींचं इथे राहून जाऊ नये. त्या प्रत्येक वेळी सोबत यायच्या आणि बोलताना अधूनमधून खाकरायच्या. बिडी कधी तोंडाला लावली नाही. पण चाळीस वर्षं चूल, आणि गॅस आल्यावरही अंघोळीचं पाणी अजून काटक्यांवर. त्यांनाही फुंकायला लावलं. गुणोत्तर ०.६६ आलं. पाणी तापवायचं आता मुलाने गीझरवर नेलं आहे.

२०२५ च्या उन्हाळ्यात तात्यांची तपासणी पुन्हा केली. पहिल्या सेकंदाची हवा १.४९ लिटर. वर्षभरात वयाने होते तेवढीच घट. वजन दोन किलोने वाढलं होतं, सकाळचा बेडका जवळजवळ बंद होता. आषाढात ते वारीला गेले. दिवेघाट त्यांनी ट्रकमध्ये बसूनच ओलांडला. सासवडला उतरले आणि तिथून पंढरपूरपर्यंत चालत गेले.